लेसर : एका लहान शिडाच्या होडीचा इतिहास

नौकांचा इतिहास सांगू लागले की दृष्टी स्वाभाविकपणेच मोठ्या जहाजांकडे वळते. ज्या गलबतांनी मसाला, कापड आणि माणसे यांची ने-आण केली, ज्यांच्या तोफांच्या धाकाने तह झाले आणि साम्राज्ये उभी राहिली, त्यांची नावे व मापे ग्रंथांतून जपून ठेवलेली आढळतात. परंतु जिच्यात एकच माणूस बसतो, जिच्यातून कसलाही माल जात नाही, आणि दिवस मावळला की जी दोघांनी उचलून किनाऱ्यावर ठेवावयाची, अशा होडीलाही इतिहास असू शकतो हे सहसा कोणाच्या मनात येत नाही. तरीही विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात काचतंतूंपासून बनविलेली अशी एक होडी जगाच्या बहुतेक सर्व किनाऱ्यांवर जाऊन पोचली. १९७१ पासून आजवर अशा दोन लाखांहून अधिक होड्या तयार झाल्या आहेत. तिचे मूळ नाव लेसर. ती कशी जन्मली, तिची रचना कशी आहे, आणि सर्वांच्या हाती अगदी सारखे साधन देण्याचे जे व्रत तिने घेतले ते पाळताना काय काय घडले, हा इतिहास मनोरंजक तर आहेच. पण नियम आणि न्याय यांविषयी विचार करावयास लावणाराही आहे.

शिडाच्या होड्यांच्या शर्यतींत एक पेच फार जुना आहे. जो पहिला आला तो त्याच्या कौशल्यामुळे आला, की त्याच्या होडीमुळे? एकाची होडी हलकी, दुसऱ्याची जड. एकाचे शीड नव्या कापडाचे, दुसऱ्याचे विटलेले. पूर्वी यावर तोड म्हणून लांबी आणि शिडाचे क्षेत्र यांची गणिते मांडून मोठ्या होडीवर भार टाकीत आणि लहान होडीला सवलत देत. परंतु गणित आले की त्यातून पळवाटा काढणारे कसबी लोकही आले, आणि अशा लोकांना हाताशी धरण्यास पैसा लागतो. यास्तव १८८७ मध्ये डब्लिनच्या काही हौशी मंडळींनी एक सोपा मार्ग काढला. सर्वांनी एकाच आराखड्याच्या होड्या बांधाव्यात आणि मग शर्यत लावावी, असे त्यांनी ठरविले. ‘वॉटर वॅग’ या नावाच्या त्या होड्यांपासून एकरचना वर्गाची कल्पना रूढ झाली.

कल्पना उत्तम होती, परंतु लाकूड तिला पुरतेपणी साथ देत नव्हते. एका झाडाच्या दोन फळ्याही सारख्या नसतात. एक सुतार रंधा जरा अधिक मारतो, दुसरा कमी. एक होडी पाणी अधिक पिते, दुसरी कमी. आराखडा एक असला तरी होड्या पाठच्या भावंडांसारख्या होत. एकाच साच्यातून काढलेल्या मूर्तींसारख्या होत नसत.

तो साचा मिळाला काचतंतूंच्या रूपाने. वितळलेली काच बारीक छिद्रांतून ओढून तिचे रेशमासारखे तंतू काढण्याची विद्या १९३० नंतरच्या दशकात अमेरिकेत कारखान्यांतून साध्य झाली. पुढच्या दशकात पॉलिएस्टर जातीच्या कृत्रिम राळेशी या तंतूंची गाठ पडली आणि होड्या बांधण्याची एक निराळीच रीत अस्तित्वात आली. प्रथम होडीच्या बाहेरील आकाराचा, आतून आरशासारखा गुळगुळीत असा साचा करावयाचा. त्याला मेण लावून वर रंगीत राळेचा एक पातळ थर द्यावयाचा. हीच पुढे होडीची तुळतुळीत कातडी होते. तिच्यावर काचतंतूंच्या चटया अंथरून त्या राळेने भिजवावयाच्या. राळेत मिसळलेल्या रसायनामुळे ती तापते, घट्ट होते, आणि मग मूर्तीप्रमाणे होडी साच्यातून सोडवून घेता येते. या होडीला सांधे नसतात, म्हणून ती सांध्यांतून गळत नाही. शिवाय मोजून घेतलेले तंतू आणि मोजून घेतलेली राळ वापरली, तर शंभरावी होडी पहिलीसारखीच उतरते. एकरचनेच्या जुन्या कल्पनेला अनुरूप असे द्रव्य प्रथमच हाती आले होते.

१९६९ मध्ये कॅनडातील माँट्रियल येथे इयान ब्रूस नावाचे एक औद्योगिक अभिकल्पक राहत असत. होड्या बांधण्याचाही त्यांचा व्यवसाय होता. सहलीस लागणारे तंबू, खाटा वगैरे सामान तयार करण्याचे एक काम एका मोठ्या व्यापारी कंपनीकडून त्यांच्याकडे आले होते. त्या सामानात मोटारीच्या टपावर बांधून नेता येईल अशी एक छोटी शिडाची होडीही असावी, असा विचार पुढे आला. ब्रूस यांनी आपले स्नेही ब्रूस कर्बी यांना दूरध्वनी केला. कर्बी मूळचे ओटावाचे. नौकारचनेचे रीतसर शिक्षण त्यांनी घेतले नव्हते. वृत्तपत्रांतून पत्रकारिता करीत करीत, ग्रंथ वाचून आणि स्वतः होड्या हाकून त्यांनी ही विद्या आत्मसात केली होती. १९५६ व १९६४ च्या ऑलिंपिकमध्ये ‘फिन’ या एकट्याने चालवावयाच्या होडीतून त्यांनी कॅनडाचे प्रतिनिधित्व केले होते. या वेळी ते अमेरिकेत नौकाक्रीडेला वाहिलेल्या एका मासिकाचे संपादक होते.

दूरध्वनीवर बोलता बोलताच कर्बी यांनी समोरच्या कागदावर एका होडीचे रेखाचित्र काढले. पुढे हेच चित्र दशलक्ष डॉलरांची रेघोटी म्हणून प्रसिद्धीस आले. परंतु त्या वेळी त्याला एका डॉलरचेही मोल आले नाही. चित्रावरून कर्बी यांनी रीतसर आराखडा तयार करून ब्रूस यांच्याकडे पाठविला. व्यापारी कंपनीने मात्र होडीचा विचार सोडून दिला आणि तो आराखडा तसाच पडून राहिला.

त्याला बाहेर काढण्याचे निमित्त कर्बी यांच्या मासिकानेच पुरविले. १९७० च्या ऑक्टोबरमध्ये अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील लेक जिनीव्हा येथे मासिकाने एक चढाओढ ठेवली. एक हजार डॉलरांहून कमी किमतीच्या होड्यांनाच तिच्यात प्रवेश होता. कोट्यधीशांच्या ‘अमेरिकाज कप’ या विख्यात शर्यतीची थट्टा म्हणून या शर्यतीचे नाव ‘अमेरिकाज टीकप’ ठेवले होते. म्हणजे चषकाऐवजी चहाचा पेला. ब्रूस यांनी घाईने पहिली होडी बांधली. तिचे शीड हान्स फॉग यांनी शिवले. फॉग हे मूळचे डेन्मार्कचे. १९६० च्या ऑलिंपिकमध्ये त्यांनी डेन्मार्ककडून रौप्यपदक मिळविले होते आणि पुढे कॅनडात येऊन त्यांनी शिडे शिवण्याचा धंदा मांडला होता. पहिल्या दिवशी होडी अपेक्षेइतकी पळेना. शीड आणि डोलकाठी यांचा मेळ बसत नाही, हे ध्यानात येताच शिडाची शिवण उसवून ते पुन्हा बेतण्यात आले, आणि दुसऱ्या दिवशी होडीने आपल्या गटात सरशी केली.

तोपर्यंत होडीचे नाव होते ‘वीकेंडर’, म्हणजे आठवड्याच्या सुट्टीची सोबतीण. हे नाव फार वेळ टिकले नाही. त्याच वर्षाच्या अखेरीस एका मेजवानीत मॅकगिल विद्यापीठात विज्ञान शिकणाऱ्या एका विद्यार्थ्याने ‘लेसर’ हे नाव सुचविले. लेसर किरणांचा शोध लागून त्या वेळी अवघी दहा वर्षे झाली होती आणि तरुणांना त्याचे मोठे अप्रूप होते. शिवाय हा शब्द अनेक भाषांत ओळखीचा होता. १९७१ च्या जानेवारीत न्यूयॉर्कच्या नौका-प्रदर्शनात लेसर प्रथम लोकांसमोर आली, आणि त्या एकाच प्रदर्शनात १४१ होड्यांची मागणी नोंदली गेली.

लोकांना या होडीत काय भावले असावे? तिची मापे पाहिली तर त्यांत काही विलक्षण दिसत नाही. लांबी ४.२३ मीटर, रुंदी १.३७ मीटर, शिडाचे क्षेत्र ७.०६ चौरस मीटर आणि नुसत्या कायेचे वजन सुमारे ५९ किलो. हे मोठे शीड जोराच्या वाऱ्यात पेलण्यास सुमारे ८० किलो वजनाचा माणूस लागतो. याचा अर्थ असा की, या नौकेतील सर्वांत जड वस्तू म्हणजे स्वतः खलाशीच होय. तो कोठे बसतो, किती झुकतो, केव्हा पुढे सरकतो, यांवरच होडीची चाल ठरते. होडीच्या तळाशी एक पट्टा असतो. त्यात पावले अडकवून खलाशी आपले सारे अंग बाहेर पाण्यावर झोकून देतो आणि वाऱ्याने कलणारी होडी सरळ ठेवतो. मांड्यांना कळा लागतात, पण दुसरा इलाज नाही.

बाकीची रचना शक्य तितकी साधी ठेवलेली आहे. डोलकाठी मुळात ॲल्युमिनियमच्या दोन नळ्यांची. एक नळी दुसरीत बसवावयाची, म्हणजे मोटारीवर नेताना ती लांबत नाही. तिला आधार देणाऱ्या ताणाच्या तारा नाहीत. उशीला अभ्रा घालावा तसे शीड डोलकाठीवर चढवावयाचे आणि काठी होडीच्या भोकात उभी करावयाची. पंधरा-वीस मिनिटांत होडी पाण्यात जाते. मध्यभागी वरखाली सरकणारी एक उभी फळी असते. ती होडीला वाऱ्याने आडवे घसरू देत नाही. सुकाणूचे पातेही किनारा येताच वर उचलता येते. बसण्याचा खळगा उथळ असून त्यातले पाणी चालत्या होडीतून आपोआप बाहेर ओढले जाते. खालची काया आणि वरचे पटल हे दोन भाग स्वतंत्र साच्यांत करून घट्ट चिकटविलेले असल्यामुळे आत हवा कोंडलेली राहते. साहजिकच होडी उलटली तरी बुडत नाही. खलाशाने मधल्या फळीवर पाय देऊन उभे राहावे, काठ धरून मागे रेलावे, की ती पुन्हा सरळ होते.

या साधेपणात एक खुबी दडलेली आहे. ताणाच्या तारा नसल्यामुळे डोलकाठी लवते. दोऱ्या ओढल्या की ती मागे वाकते आणि तिच्याबरोबर शिडाचा फुगवटा कमी होऊन वाऱ्याचा जोर ओसरतो. दोऱ्या सैल सोडल्या की शीड पुन्हा फुगते आणि होडी जोर धरते. नाव जपण्यासाठी लागणारे सारे ज्ञान या तीन-चार दोऱ्यांत साठविलेले आहे. आठवड्याभरात मुलाला ही होडी चालविता येते. पण ती उत्तम चालविण्यास आयुष्य पुरत नाही, असा अनुभव जुने खलाशी सांगतात.

परंतु लेसरचे खरे वैशिष्ट्य तिच्या आकारापेक्षा तिच्या नियमांत आहे. ज्या बदलाला नियमांत स्पष्ट अनुमती दिलेली नाही, तो बदल निषिद्ध, हे त्यांचे मूलतत्त्व होय. होडी घासून हलकी करावयाची नाही, सुकाणू बदलावयाचे नाही, आपल्या पसंतीच्या शिंप्याकडून शीड शिवून घ्यावयाचे नाही. अधिकृत बांधणीदाराने बांधली तशी ती वापरावयाची. बांधणी कशी करावी याची एक पुस्तिका असे आणि ती बांधणीदारांपुरतीच मर्यादित होती. पुढे हलक्या खलाशांसाठी लहान शिडे निघाली. रेडियल या प्रकाराचे शीड सुमारे ५.७ चौरस मीटरचे आणि मुलांसाठी असलेले ४.७ चौरस मीटरचे. होडीची काया मात्र तीच राहिली. डोलकाठीचा खालचा तुकडा आणि शीड तेवढे बदलावयाचे.

या कठोरपणाची फळे लवकरच दिसू लागली. १९७४ मध्ये बर्म्युडा येथे या वर्गाची पहिली जागतिक स्पर्धा झाली. १९९६ मध्ये अटलांटाच्या ऑलिंपिकमध्ये लेसरला स्थान मिळाले आणि ब्राझीलचे रॉबर्ट शाइट विजयी झाले. त्यांच्यामागे इंग्लंडचे बेन एन्स्ली होते. चार वर्षांनी सिडनीत हेच दोघे समोरासमोर आले. अखेरच्या शर्यतीत एन्स्ली यांनी स्वतः पुढे जाण्याऐवजी शाइट यांची वाट अडवून त्यांना मागे ठेवण्याची खेळी केली आणि सुवर्णपदक नेले. होड्या सारख्या असल्यामुळे तो सामना निव्वळ दोन बुद्धींचा झाला. २००४ मध्ये अथेन्सला शाइट पुन्हा विजयी झाले. २००८ च्या बीजिंग ऑलिंपिकपासून रेडियल शिडाची होडी महिलांच्या स्पर्धेत आली. २०१२ मध्ये चीनच्या शू लीच्या यांनी महिलांचे सुवर्णपदक मिळविले, तर त्याच वर्षी पुरुषांच्या शर्यतीत पाव्हलॉस कोंटिडीस यांनी रौप्यपदक मिळवून सायप्रसला त्याच्या इतिहासातील पहिले ऑलिंपिक पदक दिले. मोठ्या नौकागृहांची आणि धनिक आश्रयदात्यांची परंपरा नसलेल्या देशांना एक लहान होडी विकत घेऊन या क्षेत्रात उतरता आले, हे लेसरचे मोठेच कार्य म्हटले पाहिजे.

तथापि या समतेच्या पोटातच एक विषमता वाढत होती. सर्व होड्या सारख्या असाव्यात, तर त्या बांधणारे हात मोजकेच असले पाहिजेत; आणि हात मोजके झाले की मक्तेदारी आली. जगाचे विभाग पाडून ते निरनिराळ्या बांधणीदारांना दिलेले होते. अधिकृत शिडे महाग पडत आणि जोराच्या वाऱ्यात लवकर ढिली होत. तशीच शिडे बाहेर स्वस्त मिळत. पण ती शर्यतीत चालत नसत. अशा रीतीने ज्या नियमाने धनिकाची सरशी थांबविली, त्याच नियमाने सामान्य खेळाडूला एकाच दुकानाचे गिऱ्हाईक करून सोडले.

यापुढचा पेच अधिकाराचा होता. होडीचा आराखडा कर्बी यांचा, ‘लेसर’ या नावाची व्यापारमुद्रा बांधणीदारांची, आणि शर्यतीचे नियम खेळाडूंच्या संघटनेचे. हे तिघे एकदिलाने वागत होते तोवर सारे सुरळीत चालले. पुढे आराखड्याच्या मोबदल्यावरून कर्बी आणि युरोपातील बांधणीदार यांच्यात वितुष्ट आले. बांधणीदारापाशी कर्बी यांचा परवाना असलाच पाहिजे, ही अट २०११ मध्ये संघटनेच्या सभासदांनी मतदानाने काढून टाकली. २०१३ मध्ये कर्बी अमेरिकेतील न्यायालयात गेले. त्या वेळी त्यांचे वय ८४ वर्षांचे होते. आपली होडी त्यांनी ‘टॉर्च’ या नव्या नावाने आणण्याचा प्रयत्नही केला. पण तो रुजला नाही. २०२० मध्ये ज्यूरीने त्यांच्या बाजूने कौल देऊन मोठी नुकसानभरपाई ठरविली.

दरम्यान २०१९ हे वर्ष निर्णायक ठरले. कारखान्याची तपासणी करू दिली जात नाही, या कारणावरून खेळाडूंच्या संघटनेने त्या युरोपीय बांधणीदाराची मान्यता काढून घेतली. परंतु जगाच्या मोठ्या भागात ‘लेसर’ या नावाचा हक्क त्याच्याकडेच होता. त्याच वर्षी जागतिक नौकाक्रीडा संघटनेने ऑलिंपिकसाठी दुसरी एखादी होडी घ्यावी काय, याचा विचार केला. अखेर जुनी होडीच कायम राहिली. मात्र तिच्या बांधणीचे परवाने न्याय्य अटींवर सर्वांना खुले असावेत, अशी अट पडली. मग संघटनेने पन्नास वर्षांच्या उंबरठ्यावर आलेले नाव सोडून दिले. आंतरराष्ट्रीय लेसर वर्ग संघटनेच्या इंग्रजी आद्याक्षरांवरून होडीला आयएलसीए हे कोरडे नाव मिळाले. मोठ्या शिडाची आयएलसीए ७, रेडियलची ६ आणि मुलांची ४. निरनिराळ्या देशांतील नव्या बांधणीदारांना मान्यता मिळू लागली. काया तीच, शीड तेच. फक्त नाव गेले. २०२१ च्या जुलैमध्ये, टोकियोचे ऑलिंपिक तोंडावर आले असताना, ब्रूस कर्बी वयाच्या ९२ व्या वर्षी निवर्तले.

त्याच टोकियो ऑलिंपिकमध्ये भारताचे दोन खेळाडू या होडीतून उतरले. चेन्नईच्या नेत्रा कुमनन या नौकाक्रीडेत ऑलिंपिकची पात्रता मिळविणाऱ्या पहिल्या भारतीय महिला होत. दुसरे विष्णू सरवणन हे भूसेनेतील जवान. मुंबईच्या कुलाबा येथील लष्कराच्या नौकाक्रीडा केंद्रात ते घडले. २०२३ मध्ये हांगचौ येथे झालेल्या आशियाई क्रीडास्पर्धेत त्यांनी आयएलसीए ७ या होडीतून कांस्यपदक मिळविले. त्याच स्पर्धेत मुलींच्या आयएलसीए ४ या गटात नेहा ठाकूर हिने रौप्यपदक पटकावले. नेहा मध्य प्रदेशातील देवास जिल्ह्याची, एका शेतकऱ्याची मुलगी. कुमार गंधर्वांच्या वास्तव्यामुळे मराठी रसिकांना देवास परिचित आहे. पण तेथून समुद्र किती दूर आहे हे सांगावयास नको. नेहा भोपाळच्या मोठ्या तलावावर शिकली. सागरी परंपरा, नौकागृह, घराण्याची गलबते यांपैकी काहीच पाठीशी नसता ती स्पर्धेच्या पाण्यात उतरली, तेव्हा तिची होडी कोणाच्याही होडीहून कमी नव्हती.

डब्लिनच्या हौशी मंडळींनी १८८७ मध्ये जे योजिले, ते काचतंतूंनी आणि कर्बी यांच्या एका रेखाचित्राने शक्य करून दाखविले. समतेचा नियम करणे त्या मानाने सोपे असते; तो नियम कोणाच्या हाती राहावा हे ठरविणे अवघड, आणि लेसरच्या इतिहासातील अर्धा भाग या अवघड कामाचाच आहे. त्या झगड्यात होडीचे नाव गेले, मैत्री गेल्या, रचनाकाराची अखेरची वर्षे न्यायालयात गेली. मात्र शर्यतीच्या रेषेवर उभी राहिलेली प्रत्येक होडी शेजारच्या होडीसारखीच असावी, हा मूळ नियम सर्व पक्षांनी अखेरपर्यंत मान्य केला. शिटी वाजते, शिडे भरतात, आणि त्यानंतर जे काही घडते त्याचे श्रेय किंवा दोष त्या एकट्या खलाशाचाच असतो.